कंदिलातल्या पाली

पोटात आडवं पडलेलं मूल बाहेरून चोळून उभं करायचं काम नाटे बंदराकडल्या वाड्यांत एकट्या हौसालाच यायचं. बाकीच्या सुइणी नाळ कापत, शेक-शेगडी बघत, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालत; पण मूल आडवं आहे असं कळलं की हात पुसून मागं सरत आणि हौसाला हाक मारा म्हणत. हौसा यायची, तळहाताला कोमट खोबरेल फासायची, बाईला उताणी निजवून गुडघे वर घ्यायला लावायची आणि डोळे मिटून पोटावरनं हात फिरवत राहायची. मुलाचं डोकं कुठं आणि ढुंगण कुठं हे तिला काळोखात आपल्या घरातली भांडी कळावीत तसं कळायचं. मग एका हातानं डोकं खाली दाबत न्यायचं, दुसऱ्यानं ढुंगण वर सारायचं. कळ आली की थांबायचं, गेली की पुन्हा लागायचं. आणि हे सगळं पाणी जायच्या आत. पाणी गेलं की पोट मुलाला असं आवळून धरतं की मग बाहेरून कितीही चोळा, काही हलत नाही.

तिचा नवरा सखाराम खलाशी. मंगळूरकडून येताना गलबतासकट बुडाला, तेव्हा सगुणा रांगत होती. हौसानं पुन्हा कोणाचं घर धरलं नाही. चार कोंबड्या, परसात अळू-मिरची आणि लोकांची बाळंतपणं, एवढ्यावर तिनं पोर वाढवली आणि रत्नागिरीला दिली. जावई मुंबईला गिरणीत. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी सगुणाची कूस रिकामी, आणि तिची सासू यमुनाबाई चारचौघींत बोलून दाखवायला कमी करत नव्हती. मंडणगडकडची एक धडधाकट पोरगी तिनं पोरासाठी हेरूनही ठेवली होती.

मग मुंबईत गिरण्यांचा तो मोठा संप झाला. चाकरमानी ट्रंका घेऊन घरी परतले आणि पाऊसभर बायकांच्या पायात पाय घालून बसले. शेतात उतरायची सवय मोडलेली, दर्यावर जायला अंगात दम नाही. बसून बसून करतील काय? दिवाळीच्या आधी गिरण्या सुरू झाल्या तसे ते परत गेले, आणि पुढच्या सालात वाडीवाडीतनं हौसाला बोलावणी सुरू झाली. मथुरा म्हणायची, ह्यांचा संप मोडला पण आपला काय मिटत नाय. ही मथुरा म्हणजे शेजारीण. हौसाच्या हाताखाली पाणी तापवण्यापासून नाळ कापण्यापर्यंत सगळं करणारी. फक्त मूल फिरवणं तिला कधी जमलं नाही. तिचं बोट पोटाला लागलं की बाया किंचाळत.

संपाच्या त्या पिकात सगुणालाही दिवस गेले. निरोप आला त्या दिवशी हौसानं देवीला नारळ दिला.

पण त्याच हंगामात तिच्या हाताखालची तीन बाळंतपणं लागोपाठ वाकडी गेली. एक मूल अपुऱ्या दिवसांचं, आलं तेव्हाच निळं. दुसऱ्याच्या गळ्यात नाळेचे वेढे. तिसरीचं मूल चांगलं झालं, पण बाळंतीण तापानं गेली. ह्यातल्या एकीलाही पोट चोळून फिरवावं लागलं नव्हतं, हौसाचा हात मधे फारसा आलाच नव्हता. पण लोकांना तीन म्हणजे पुरे झाले. विहिरीवर बायका तिच्या हाताविषयी बोलू लागल्या. खालच्या वाडीतल्या एकीनं तर पलीकडच्या गावाहून सुईण आणवली, आणि तिला घेऊन येणारा गडी हौसाच्या दारच्या खळ्यावरूनच गेला. हौसानं ते बघितलं आणि हातातला झाडू तसाच धरून उभी राहिली.

लोकांचं बोलणं तिनं मनावर घेतलं नसतं. पण सगुणाचं बाळंतपण तिच्याच हातून व्हायचं होतं. तिच्या हाताला खरंच काही झालं असेल, तर तो हात पोटच्या पोरीला कसा लावायचा?

म्हणून ती देवळात कौल लावायला गेली. रामा गुरवानं देवीच्या पाषाणाला पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या, काही उजव्या अंगाला, काही डाव्या, आणि हौसाच्या वतीनं गाऱ्हाणं घातलं: हिच्या हाताला दोष नसला तर उजवा दे, असला तर डावा दे. हौसा हात जोडून बसली. ऊन चढलं, उतरलं. एक कळी हलेना. रामानं दोनदा गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, मग घसा खाकरून म्हणाला, देवी आज बोलत नाय, पुन्हा कधी बघू. पुन्हा गेली तेव्हाही तेच. डावा मिळाला असता तरी ती एकदाची रडून मोकळी झाली असती. हे असं अधांतरी लटकणं तिला सोसेना.

शिमग्याच्या सुमाराला पडवी सारवताना तिची नजर सखारामच्या कंदिलाकडे गेली. मोडीत निघालेल्या एका गलबतावरचा तो चौकोनी कंदील, चारी बाजूंना काच, वर पत्र्याचं टोपण, एका अंगाला बिजागरीचं दार. सखाराम गेल्यापासून तो खुंटीवर नुसता लोंबत होता. दार किलकिलं होतं आणि आत काचेला पोट लावून एक पाल बसली होती. बाहेरून बघणाऱ्याला तिचं पोट आरपार दिसत होतं. त्या पातळ पिवळट कातडीखाली दोन अंडी, अगदी शेजारी शेजारी, वाटाण्याएवढी, पांढरी.

हौसा शेणाचे हात तसेच घेऊन बघत राहिली. बाईच्या पोटात काय आहे ते जन्मभर तिनं हातानं पाहिलं होतं, डोळ्यांनी कधी नाही. ही पहिली गाभण जिच्या आतलं सगळं उघड्यावर होतं. देवळात देवीनं तोंड उघडलं नाही, आणि इथं घरात, नवऱ्याच्या कंदिलात, अंड्यांवर आलेली मादी आणून ठेवलीन. हौसानं कोपरानं दार लोटलं आणि कडी घातली. मनाशी म्हणाली, हाच माझा कौल. माझ्या हाताखाली ह्या अंड्यांतनं जिवंत पिल्लं निघाली तर हात चांगला.

मथुराला कळलं तेव्हा ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पाल अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करायची, आणि ही बाई पाल पाळते! त्या दिवसापासून तिनं हौसाकडचं पाणी प्यायचं सोडलं. मात्र रोज येऊन लांबून मान लांबवून बघायची तेवढी बघायची.

हौसा पालीला झुरळं पकडून घालायची. पंख तोडून सोडलं की पाल आधी शेपटीचं टोक हलवायची, मग एकदम झडप. एकदा पान खाता खाता हौसाचं चुन्याचं बोट काचेला आतून लागलं, तर पाल येऊन तो चुना चाटायला लागली. हौसाला नवल वाटलं नाही. गरोदर बायका भिंतीचा पापुद्रा खरवडून खातात ते तिनं किती घरांत बघितलं होतं. मग ती रोज चुन्याचं बोट लावू लागली. पालीच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे गोळे फुगले होते. अंडी घालायची वेळ आली तसे ते लहान लहान होत गेले, जणू तो साठवलेला चुनाच अंड्यांच्या कवचाला लागत होता.

एका सकाळी पाल खाली कोपऱ्यात तोंड घालून बसली. शेपूट उचललेली, पोट आवळतं, सुटतं, आवळतं. हौसानं चूल तशीच सोडली आणि कंदिलाशी फतकल मारली. तिला कळ कुठून कुठं जाते ते दिसत होतं. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "दम धर गो बाय, आता येतला."

अंडं आलं ते ओलं, मऊ. पालीनं ते मागच्या पायात झेललं आणि त्या बारक्या बोटांनी फिरवत फिरवत वाळेपर्यंत धरून ठेवलं. मग दुसरं. दोन्ही टणक झाली तशी ती वर चढून गेली आणि टोपणाखाली जाऊन बसली. पुन्हा मागं वळून बघितलं नाही.

हौसा वाट बघत राहिली, आता बसेल, मग बसेल. दुसऱ्या दिवशीही पाल वरच. मथुरा म्हणाली, "घातलीन आणि मोकळी झाली. तुज्या यमुनाबायची बहीण दिसते."

आता हौसाला कोंबड्या ठाऊक होत्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, आणि दिवसातून कितीदा तरी चोचीनं ती उलटीपालटी करते. न फिरवलेलं अंडं एका बाजूला चिकटून कुजतं हे आमच्याकडं शेंबडी पोरसुद्धा सांगेल. आणि पालीनंही आधी पायात धरून फिरवलीच होती की. आई जे करायचं सोडून गेली ते सुइणीनं करायचं, एवढं साधं गणित तिनं मांडलं. नारळाच्या करवंटीत भाताचं तूस घातलं, त्यात ती अंडी ठेवली, करवंटी चुलीच्या वरच्या फळीवर, जिथं ऊब लागेल पण धग नाही. अंड्याच्या एका अंगाला काजळाचा ठिपका लावला, म्हणजे कुठली बाजू वर ते कळावं. सकाळी ठिपका वर, दुपारी खाली, दिवेलागणीला पुन्हा वर. इतक्या हलक्या हातानं तिनं कधी कोणाचं मूलही उचललं नसेल.

उन्हात धरून बघितलं तर आत लाल धाग्यासारखं काहीतरी दिसलं. ती रात्री पोटभर जेवली.

मधे, आणखी अंडी मिळावीत म्हणून, तिनं कंदिलात एक नरही सोडला. कुडावरनं पकडताना त्याची शेपूट तुटून तिच्या हातात आली आणि जमिनीवर वळवळत राहिली. मथुरा तीन वेळा थुंकली. आत पडल्यावर नर दिवसभर निपचित होता. मग टकटक आवाज करत, उरलेलं थोटूक हलवत तो मादीच्या मागं लागला. ती पळायची, ह्या काचेवरून त्या काचेवर. शेवटी त्यानं तिच्या मानेत दात रोवले आणि तिला काचेवर दाबून धरली. मादी तोंड उघडं टाकून तशीच राहिली. नंतर तिच्या मानेवर काळपट व्रण दिसत होता.

"संपावरनं आलेला दिसतो," मथुरा म्हणाली. हौसाला हसू आलं नाही. काचेआड तिला दिसत होती ती मादी, तोंड उघडं आणि आवाज नाही. अशा बायका तिनं बघितल्या होत्या. तिनं नराला चिमट्यानं धरून बाहेर टाकला.

थोड्याच दिवसांत मादीनं पुन्हा दोन अंडी घातली. ह्या खेपेला ती पत्र्याच्या टोपणात, वरच्या धुराड्याच्या खोबणीत, जिथं हौसाचं बोट पोचत नव्हतं. टोपण खिळ्यांनी ठोकलेलं. काढायला गेलं तर अंडी फुटणार. हौसानं ती सोडून दिली. म्हणाली, ह्यांचं काय व्हायचं ते होवो, माझी दोन चुलीवर आहेत.

चैत्राच्या अखेरीला सगुणा आगबोटीनं मुसाकाजीच्या धक्क्यावर उतरली. पाय सुजलेले, तोंड ओढलेलं. यमुनाबाईनं निघताना सांगितलं होतं की मूल घेऊन आलीस तर ये. बाकी काही बोलली नव्हती. सगुणानं हे आईला सांगितलं ते भाकरी मोडता मोडता, भाकरीकडे बघत. आणि म्हणाली, तू आहेस म्हणून मला धाक नाय.

हौसा पाणी आणायला म्हणून परसात गेली आणि तिथंच उभी राहिली.

कारण चुलीवरच्या अंड्यांतला तो लाल धागा तिला हल्ली दिसत नव्हता. आधी काळं झालं, मग ते काळंही एका बाजूला बसलं. ती तरीही फिरवत होती. वैशाखात एक अंडं चेपलं आणि वास यायला लागला. तिनं दोन्ही नखानं फोडली. आत पिल्लू होतं, दोन्हींत. डोळे झालेले, हातापायांची बोटं झालेली. आणि मेलेलं. तिनं ती परसातल्या अळवाच्या मुळाशी पुरली. मथुराला सांगितलं नाही.

ज्येष्ठात एका दुपारी कंदिलाच्या काचेवर काहीतरी हललं. दोराच्या तुकड्याएवढं पिल्लू, डोकं अंगापेक्षा मोठं, शेपटीवर पट्टे. दुसरं टोपणाच्या खोबणीतनं तिच्या डोळ्यांदेखत निघालं. आधी कवचाला चीर, मग नाक, मग किती तरी वेळ काहीच नाही. हौसाचे हात शिवशिवले. तिनं ते मांडीखाली दाबून धरले. पिल्लू स्वतःच निघालं, स्वतःच अंगावरची पातळ कात तोंडानं ओढून खाल्लीन आणि काच चढलं. मोठी पाल त्यांच्यावर झडप घालील म्हणून हौसानं तिला तेवढी बाहेर सोडली.

मथुरा आली तेव्हा हौसानं एकदाचं सगळं सांगितलं, पुरलेल्या पिल्लांसकट.

"ज्याला माजा हात लागला ता मेला," ती म्हणाली. "माज्या हाताबाहेर राहिला ता जगला. देवीनं आणखी कसा सांगायचा?"

पाल आल्यापासून मथुरा पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आली. म्हणाली, "मेले, पाल भिंत चढते. तू चढशील काय? कोंबडीचा पालीला लावलंस ता मेला. आता पालीचा बाईला लावू नुको."

किती सरळ बोलली होती ती. पण हौसाच्या कानात ते शिरलं नाही. इतके महिने ती उत्तरासाठी झुरली होती, आणि उत्तर मिळाल्यावर ते कडू आहे म्हणून टाकून देणाऱ्यातली ती नव्हती. उलट कडू होतं म्हणूनच तिला ते खरं वाटलं.

त्या दिवसापासून तिनं सगुणाच्या अंगाला हात लावला नाही. तेल मथुरानं चोळायचं, वेणी मथुरानं घालायची. सगुणानं विचारलं तर म्हणाली, माझ्या हाताला सध्या शिवाशिव आहे. आणि बसल्या जागेवरून पोरीच्या पोटाकडे बघत राहायची. दिवस भरत आले तसं पोट खाली उतरायला हवं होतं, लांबट व्हायला हवं होतं. ते रुंद होत गेलं, आडव्या भोपळ्यासारखं. हौसाला हात न लावता कळलं.

सगुणा म्हणायची, "आये, हितं बरगडीखाली बाजूला गोळा लागतो. डोका हाय काय गो? जरा हात लावून सांग ना."

"आपसूक फिरतला," हौसा म्हणाली.

काही मुलं फिरतात आपसूक, हे खरं होतं. पण हौसा हे सांगत होती ते टोपणातल्या त्या दोन अंड्यांच्या भरवशावर. मथुरा हात धुऊन मागं लागली, एकदा चोळ, आता चोळ, अजून पाणी हाय, अजून जागा हाय. हौसानं तिला विचारलं, आणि माझ्या हातात मेला तर?

आषाढ लागला. होड्या वर ओढून शाकारलेल्या, आगबोट बंद, आणि जमिनीनं रत्नागिरीचा दवाखाना गाठायचा तर मधे खाड्या भरून चाललेल्या. एका सकाळी सगुणाला कळा सुरू झाल्या.

मथुरानं पाणी तापवलं, बाज सरकवली. हौसा दाराशी बसली, हात पदरात गुंडाळलेले. कळा जवळ जवळ येत गेल्या आणि पोट तसंच आडवं. एका कळेनंतर मथुरा उठून तिच्यासमोर आली. "अजून पाणी गेला नाय," ती म्हणाली. "हौसा, उठ." हौसा उठली, बाजेपर्यंत गेली, तेलाच्या वाटीत बोटं बुडवली. आणि तिला चुलीवरची ती करवंटी आठवली, काजळाचा ठिपका, इतक्या हलक्या हातानं फिरवलेलं ते, आणि आतली झालेली बोटं. तिनं हात पदराला पुसला.

सगुणा तिच्याकडे बघत होती. तिला वाटलं, आई अजून कशाची तरी वाट बघते आहे. आईला ठाऊक असेल.

पाणी गेलं ते एकदम, बाजेखाली ओघळ आला. पुढच्या कळेला मुलाचा हात बाहेर आला. बारका हात, निळसर, बोटं मिटलेली. ती उघडून पुन्हा मिटली.

तो हात हौसानं बघितला मात्र, पाली, कौल, अंडी, सगळं कुठल्या कुठं गेलं. ती मथुराला बाजूला लोटून बाजेवर चढली, वरनं दाबू लागली, फिरवू लागली, जसं तिनं आजवर कितीतरी बायांचं फिरवलं होतं. पण पोट दगडासारखं आवळलेलं. जे सकाळी वाटीभर तेलात झालं असतं ते आता देवालाही झालं नसतं. शेवटी तिनं हात आत घातला, मुलाचा पाय शोधला, आणि पायाला धरून ओढून काढलं. सगुणाच्या ओरडण्यानं वाडीतली माणसं पावसात खळ्यावर येऊन उभी राहिली. मूल आलं. मुलगा होता. वजनानं चांगला, नाकीडोळी बापासारखा. मथुरानं उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, कांदा नाकाशी धरला. हौसानं बघितलंसुद्धा नाही. हात बाहेर येऊन थंड पडत गेला होता तेव्हाच तिला कळलं होतं.

सगुणा तापात पडली आणि वाचली. कशी वाचली ते मथुरालाच ठाऊक, कारण हौसा त्या दिवसांत माणसात नव्हती. काढे मथुरानं केले, रक्ताचे कपडे मथुरानं धुतले. आत काही फाटलं होतं ते नीट जुळलं नाही. पुन्हा मूल राहणार नाही हे हौसाला कळलं होतं. तिनं ते पोरीला सांगितलं नाही, आणि पोरीनं विचारलं नाही. कंदिलातल्या दोन पिल्लांना झुरळ घालायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ती वाळून काचेला चिकटली होती.

पाऊस सरल्यावर रत्नागिरीहून कोणी न्यायला आलं नाही. आगबोटी सुरू झाल्या, एक आली, दुसरी आली. दिवाळीनंतर मुसाकाजीच्या धक्क्यावर कोणीतरी बातमी सांगितली की जावयानं मंडणगडच्या पोरीशी लग्न लावलं. सगुणा तेव्हा वालाच्या शेंगा निवडत होती. ती निवडत राहिली.

त्या संध्याकाळी तिनं आईला विचारलं. इतके महिने जो प्रश्न दोघींच्या मधे बसून होता, तो.

"मूल आडवा हाय ता तुला ठाव होता. मग फिरवलंस का नाय?"

हौसानं खोटं सांगितलं नाही. शिमग्यापासूनचं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. कंदील, चुना, करवंटी, ठिपका, टोपणातली दोन. सांगताना तिलाच ते दुसऱ्या कोणा खुळ्या बाईचं वाटत होतं. सगुणा ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "पालीवरनं?"

"होय," हौसा म्हणाली.

सगुणानं शेंगांची सालं सुपात भरली आणि शेजारच्या गोठ्याकडे टाकायला गेली. त्यानंतर तिनं ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. आईला जेवायला वाढायची, लुगडं धुवायची, पाय दुखले तर चेपायचीसुद्धा. ओरडली असती, शाप दिले असते, तर हौसाला बरं वाटलं असतं.

हौसानं सुईणपण सोडलं. बोलावणी आली की मथुरा जायची. लोक म्हणत, पोरीच्या दुःखानं हौसा खचली, आणि विहिरीवर आता तिच्याविषयी हळवं बोलत. हात वाईट म्हणणाऱ्यांतल्याच ह्या.

दोन पावसाळे गेले. मग एका दुपारी मथुरा धावत आली, पदर सुटलेला. खालच्या वाडीत पहिलटकरीण अडली होती. मूल आडवं. पाणी अजून गेलं नव्हतं. हौसानं नकाराची मान हलवली. मथुरा हात जोडून उभी राहिली, मग शिव्या द्यायला लागली, मग रडायला. हौसा तशीच. तेव्हा ओटीवर भात पाखडत बसलेली सगुणा सूप न थांबवता म्हणाली, "जा."

हौसा गेली. तिनं तेल कोमट करून घेतलं, तळहाताला फासलं, डोळे मिटले. हात पोटावर ठेवला तसं तिला कळलं, डोकं डावीकडे, पाठ वर. एका हातानं डोकं खाली, दुसऱ्यानं ढुंगण वर. कळ आली की थांबली, गेली की पुन्हा. मूल आज्ञेत असल्यासारखं फिरलं. हात काही विसरला नव्हता. त्यात कसलाही दोष नव्हता, कधी नव्हताच. हे तिला बाईच्या पोटावर हात असतानाच कळलं, आणि तिला तिथं बसवेना. पण मूल व्हायचं होतं, म्हणून ती बसली.

ऊन उतरायच्या आत मूल झालं. खणखणीत रडलं. घरातल्या म्हातारीनं हौसाच्या पायांवर डोकं ठेवलं, नारळ आणि खण पुढं केला. बायका म्हणाल्या, हौसाच्या हाताला तोड नाय. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. नारळ तिथंच ठेवून ती निघाली. वाटेत कातळावर तिला बसावं लागलं. मथुरा शेजारी उभी राहिली.

घरी आली तेव्हा सगुणा अजून ओटीवरच होती. पाखडलेला भात एका बाजूला, कोंडा एका बाजूला.

"झाली मोकळी?"

"झाली."

"काय झाला?"

"पोरगा."

सगुणानं सूप झटकलं. "फिरवलास?"

हौसाचे हात अजून तेलकट होते. ते तिनं कुठं ठेवायचे तिला कळेना.

"फिरवला," ती म्हणाली.

"वेळ लागला काय?"

"नाय."

सगुणानं मान हलवली, भाताची पुढची मूठ सुपात घेतली आणि पाखडायला लागली.